स्टॅम्प पेपर उलटून बघा : बेळगाव जिल्ह्याच्या सरकारी अभियोक्त्यांना खुले पत्र

प्रति,
अभियोग खात्याचे जिल्हा प्रमुख आणि सर्व सरकारी अभियोक्ते,
बेळगाव जिल्हा.

विषय : एका जुन्या खून खटल्यातले साक्षीदार कुणी फोडले, याच्या चौकशीबाबत.

स.न.वि.वि.

खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठावरच्या एका गावात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बांधाच्या भांडणातून एका शेतकऱ्याचा खून झाला. दिवसाढवळ्या झाला, चार माणसांच्या देखत झाला. खटला बेळगावच्या सत्र न्यायालयात चालला आणि सगळे आरोपी सुटले. निकालपत्र इंग्रजीत आहे, पानं बरीच आहेत, पण सगळा जीव एका परिच्छेदात आहे : महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले, सरकार पक्षाला गुन्हा शाबीत करता आला नाही, सबब आरोपींना मुक्त करण्यात येत आहे. साक्षीदार फितूर का झाले, सगळे एकदमच कसे झाले, यावर अवाक्षर नाही. सरकारी वकिलांनी विचारलं नाही, पोलिसांनी विचारलं नाही, मग कोर्ट तरी कुठून लिहिणार?

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरं मोजकी आहेत. नाव लिहिलं की साक्षीदार, आरोपी आणि त्यांची नातवंडं सगळीच ओळखू येतील, आणि नातवंडांनी काही केलेलं नाही. तुमच्या कार्यालयात जो अर्ज आला आहे त्यात खटल्याचा क्रमांक, नावं, तारखा सगळं आहे. अर्ज मयताच्या बायकोचा आहे, टाईप मी केला आहे.

मी बेळगावच्या कोर्ट आवारातला टायपिस्ट. रेमिंग्टनवर सुरुवात केली, पुढे कॉम्प्युटर आला. वकील नाही, कायद्याची पदवी नाही. पण या आवारात आयुष्य गेलं की कागद कसा जन्माला येतो ते कळतं. शपथपत्रावर सही एकाची असते, मजकूर सांगणारा दुसरा असतो, टाईप करणारा तिसरा आणि पैसे देणारा चौथा. हा चौथा माणूस कागदावर सहसा सापडत नाही. या खटल्यात तो सापडतो असं माझं म्हणणं आहे, आणि तेवढ्याचसाठी हे पत्र.

आम्ही काय मागत नाही ते आधी सांगतो, म्हणजे तुमचा आणि आमचा वेळ वाचेल. आरोपींवर त्याच खुनाचा खटला पुन्हा भरा, असं आम्ही म्हणत नाही. खटला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळातला, म्हणून कलमं तिचीच सांगतो. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही म्हणणारं तिचं कलम ३०० आड येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. सरकारनं त्या वेळी अपील केलं नाही. मयताच्या घरच्यांना स्वतःहून अपील करायचा हक्क कलम ३७२ च्या परंतुकानं मिळाला तो ३१ डिसेंबर २००९ पासून, आणि हा निकाल त्याच्या कितीतरी आधीचा. खुनाचं ते दार बंद झालं. आणखी एक : पत्र मराठीत आहे म्हणून लगेच सीमाप्रश्नाच्या फायलीला टाचू नका. तो दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, तो तिथं आहे. या खटल्यात मेलेला मराठी, आरोपी मराठी आणि साक्षीदारही मराठीच.

आता कागद बघा.

आरोपींच्या जामीन अर्जाला जोडलेली चार शपथपत्रं रेकॉर्डवर आहेत. चारही प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची, चारही इंग्रजीत. मजकूर शब्दाला शब्द सारखा : मी घटनेच्या वेळी गावात नव्हतो, पोलिसांनी काय लिहून घेतलं ते मला माहीत नाही, आरोपींविरुद्ध माझी काही तक्रार नाही. फक्त नाव, वय आणि वडिलांचं नाव वेगळं. एका शब्दाच्या स्पेलिंगची तीच चूक चारही ठिकाणी, त्याच ओळीत. आणि चारही कागदांवर इंग्रजी ‘आर’ ओळीच्या किंचित वर उडालेला. मशीनचा टाईपबार वाकला की अक्षर तसं उडतं, आणि दोन मशीनचे टाईपबार कधी सारखे वाकत नाहीत. म्हणजे एका मशीनवर, बहुधा एकाच बैठकीत, चार माणसांना एकच गोष्ट एकाच शब्दांत आठवली.

एवढ्यावर कुणी म्हणेल, त्यात काय, टायपिस्टकडे ठरलेला मसुदा असतो. असतो, मान्य. म्हणून मागची बाजू बघायची.

साध्या नकलेत पुढची बाजूच येते. आम्ही पाठपोट नकल मागितली. त्या काळी ई-स्टॅम्प नव्हते. स्टॅम्प व्हेंडर कागदाच्या पाठीवर अनुक्रमांक, तारीख आणि विकत घेणाऱ्याचं नाव-गाव लिहून शिक्का मारायचा, सही करायचा, आणि तेच आपल्या रजिस्टरात चढवून घेणाऱ्याची सही घ्यायचा. या चार कागदांचे अनुक्रमांक ओळीनं एकापाठोपाठ आहेत. तारीख एकच आहे. विकत घेणाऱ्याच्या जागी चारही वेळा एकच नाव आहे, आणि ते चार साक्षीदारांपैकी कुणाचंही नाही. ते कुणाचं आहे हे मी इथे लिहिणार नाही. अर्जात आहे. तेलगीच्या बनावट स्टॅम्प पेपर प्रकरणानंतर साऱ्या देशाला स्टॅम्प पेपर उलटून बघायची सवय लावली ती आमच्या खानापूरच्या माणसानं, आणि खानापूरच्याच खून खटल्यातला कागद मात्र कुणी उलटला नाही.

निकालानंतर वर्षभरात दोन साक्षीदारांच्या उताऱ्यांवर हालचाल दिसते. एकाची सोसायटीची कित्येक वर्षांची थकबाकी एकरकमी फिटली आणि आरटीसीवरचा, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावरचा, बोजा उतरला. दुसऱ्याच्या नावावर काही गुंठे चढले, खरेदीनं. गोव्याला मजुरीला जाणारा माणूस तो, इतके पैसे कुठून आले ते त्यालाच विचारा. योगायोग असेल. योगायोग आहे की नाही हे ठरवायलाच चौकशी असते.

कायद्याबद्दल थोडं बोलतो, कारण आमच्या लोकांत एक गैरसमज पक्का बसलाय आणि तो कोर्टाच्या व्हरांड्यातसुद्धा ऐकू येतो. पोलिसांपुढे एक बोलला, कोर्टात दुसरं बोलला, म्हणजे खोटी साक्ष, टाका आत. तसं नाही. पोलिस तपासात घेतात तो कलम १६१ चा जबाब शपथेवर नसतो. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असं कलम १६२ सांगतं. शपथच नाही तर ती मोडली कशी म्हणायची? त्या जबाबाचा उपयोग उलटतपासात विसंगती दाखवण्यापुरता. मॅजिस्ट्रेटसमोर कलम १६४ खाली शपथेवर झालेल्या जबाबाची गोष्ट मात्र वेगळी. चारपैकी दोघांचे असे जबाब झाले होते. मारताना आम्ही पाहिलं, असं त्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगितलं, आणि सत्र न्यायालयात शपथेवरच सांगितलं की आम्ही काही पाहिलं नाही. दोन शपथा आणि दोन उलट्या गोष्टी, म्हणजे एक खोटी असणारच. कोणती खोटी हे सिद्ध झालं नाही तरी दोष ठेवता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २२१ खालचं एक उदाहरण नेमकं हेच आहे : ‘अ’ मॅजिस्ट्रेटसमोर सांगतो की ‘ब’ला ‘क’वर सोटा मारताना पाहिलं, आणि सत्र न्यायालयात सांगतो की ‘ब’नं कधीच मारलं नाही. कायदा लिहिणाऱ्यांना हा प्रकार इतका ओळखीचा होता की त्यांनी तो उदाहरणातच घालून ठेवला.

उरलेल्या दोघांचे फक्त पोलिस जबाब आहेत. त्यांना या वाटेनं धरता येणार नाही, धरूही नये.

भाषेचा मुद्दा इथेच येतो आणि तो दुधारी आहे. आमच्याकडची म्हातारी माणसं मराठी शाळेत दोन-चार इयत्ता बसलेली. कन्नड येतं ते बाजारापुरतं. माणूस मराठीत सांगतो, हेड कॉन्स्टेबल कन्नडमध्ये लिहितो, कोर्टात ते इंग्रजीत टाईप होतं. ‘मी काय सांगितलो आणि त्यांनी काय लिहिलेत, मला काय ठाऊक?’ असं एखादा म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, तेव्हा तो दर वेळी विकला गेलेला असतो असं नाही. साक्षीदाराची साक्ष त्याला न समजणाऱ्या भाषेत नोंदवली तर त्याला समजेल अशा भाषेत ती सांगायची, ही कलम २७८ ची अटच आहे. ती अट आपल्या जिल्ह्यात किती वेळा घाईघाईत उरकली जाते, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय.

पण हीच सबब ढालीसारखीही वापरतात. दिल्लीतला जेसिका लाल खून खटला आठवा. खून १९९९ चा. ज्याच्या नावावर फिर्याद होती त्या साक्षीदारानं कोर्टात सांगितलं की मला हिंदी येत नाही, पोलिसांनी हिंदीत काय लिहिलं ते मला कळलं नाही. २००६ च्या फेब्रुवारीत सगळे आरोपी सुटले. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं मुख्य आरोपीला दोषी ठरवलं, हिंदीची सबब मानली नाही, आणि फितूर झालेल्या ३२ साक्षीदारांची स्वतःहून दखल घेतली. २०१३ मध्ये प्रत्यक्ष खटला भरायचा आदेश निघाला तो दोघांवर, हा फिर्यादी साक्षीदार आणि एक बॅलिस्टिक तज्ज्ञ. ३२ पैकी दोनच, म्हणून कुणी नाकं मुरडतील. मला त्यातलं दुसरं दिसतं : भाषा कळली नाही ही सबब खरी की खोटी, हे कोर्टाला तपासता येतं. आणि आमच्या खटल्यात तर ते तपासणं अगदीच सोपं होतं. ज्यांना पोलिसांचं कन्नड कळलं नाही, त्यांना इंग्रजी शपथपत्र कसं कळलं? हा एक प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता माझ्या मनातला खरा मुद्दा. खोट्या साक्षीचा कायदा हाताशी घेतला की तो सगळ्यात आधी सापडणाऱ्या माणसावर पडतो, आणि सगळ्यात आधी सापडतो तो पिंजऱ्यातला. बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात काय झालं? १ मार्च २००२ ला १४ माणसं मारली गेली. २००३ च्या जूनमध्ये सगळे २१ आरोपी सुटले, कारण जाहिरा शेखसह महत्त्वाचे साक्षीदार फिरले. मग तिनंच जाहीरपणे सांगितलं की भीतीपोटी खोटं बोलले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला पुन्हा, तोही महाराष्ट्रात, चालवायला लावला. मुंबईत ती परत फिरली. तरी २००६ च्या फेब्रुवारीत नऊ जणांना शिक्षा झाली, आणि मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं जाहिराला एक वर्षाची कैद आणि ५० हजार दंड सुनावला, आयकर खात्याला तिच्या पैशांची चौकशी करायला सांगितली. आज कुणालाही विचारा, तिचं नाव चटकन सांगतील. तिला फिरवणाऱ्यांची नावं विचारा, कुणाला आठवणार नाहीत.

आमच्या चार साक्षीदारांपैकी दोघे गेले. जे दोघे आहेत त्यांतल्या एकाचा १६४ चा जबाब आहे. पंचाहत्तरीच्या घरात, दम्याचा त्रास, मुलगा वेगळा राहतो. त्याच्यावर खटला भरून तुम्ही फाईल बंद केलीत तर मयताच्या बायकोलाच ते नको आहे. ती म्हणते, ‘त्येनं काय केलंय ते मला ठाऊक हाय. त्येला कोण करायला लावलंय ते सांगा.’ वाट विचारायची तर तिला विचारावी, इतकं ते सरळ आहे.

करायला लावणाऱ्यासाठी कायद्यात आज कलम आहे. भारतीय दंड संहितेत १९५-अ हे कलम २००६ साली आलं : खोटी साक्ष द्यावी म्हणून कुणाला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा. आता भारतीय न्याय संहितेत तेच कलम २३२. पोलिस यात थेट गुन्हा नोंदवू शकतात की कोर्टाच्या तक्रारीची वाट बघायची, याचा घोळ बरीच वर्षं होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गुन्हा दखलपात्र आहे, पोलिसांनी नोंदवावा. त्याच वर्षी जूनमध्ये, अगदी आपल्या शेजारी, धारवाडमधल्या २०१६ च्या एका जिल्हा पंचायत सदस्याच्या खून खटल्यात, साक्षीदारांशी संपर्क साधण्याचे किंवा त्यांच्यावर प्रभाव टाकण्याचे प्रयत्न झाल्याचं रेकॉर्डवरून दिसतं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं एका आमदाराचा जामीन रद्द केला. म्हणजे कोर्टाला हा रोग ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये.

आमचं प्रकरण २००६ च्या आधीचं, म्हणून १९५-अ त्याला लावता येणार नाही. जे कलम तेव्हा नव्हतं त्यानं आज शिक्षा होत नाही, राज्यघटनाच तसं सांगते. पण खोटी साक्ष हा गुन्हा १८६० पासून आहे आणि तिला चिथावणी देणं हाही. दंड संहितेच्या कलम १९३ ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे मुदतीची अडचण नाही. मुदतीचं बंधन तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. राहता राहिली वाट. जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम ३४४ खाली झटपट शिक्षा देता येत होती, पण त्यासाठी न्यायाधीशांनी निकाल देतानाच तसं मत नोंदवायला हवं होतं. ते नोंदवलेलं नाही. कलम ३४० ची वाट उघडी आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३७९. ज्या कोर्टापुढे खोटं बोललं गेलं त्या कोर्टाला अर्ज करायचा, कोर्टानं प्राथमिक चौकशी करायची, न्यायाच्या दृष्टीनं गरज वाटली तर मॅजिस्ट्रेटकडे तक्रार पाठवायची. अर्ज कुणीही करू शकतो. पण टायपिस्टनं टाईप केलेला एका विधवेचा अर्ज आणि सरकारी अभियोक्त्याचा अर्ज यांत काय फरक पडतो, हे मी सांगायला नको.

कोर्टाच्या तक्रारीची ही अट अनेकांना जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. ताईमहाराज प्रकरणात खुद्द लोकमान्य टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, १९०३ साली शिक्षा सुनावली गेली आणि १९०४ साली मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. सरकारला ज्याला वाकवायचं त्याच्यावर हे कलम किती सहज टाकता येतं, ते आपल्या माणसांनी तेव्हाच पाहिलं. तेव्हा चाळणी असू दे. चाळणीपर्यंत धान्य तरी जाऊ द्या, एवढंच.

वकील मंडळींनाही एक शब्द, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल. चारही शपथपत्रांच्या तळाशी ‘साक्षीदाराला मी ओळखतो’ अशी सही एकाच वकिलाची आहे, आणि मजकूर मराठीत समजावून सांगितला असा शेरा एकावरही नाही. त्या वकिलांनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. रोज पन्नास कागदांवर ओळखीची सही द्यावी लागते, समोरच्या माणसाचं तोंड बघायला वेळ नसतो, हे मी जवळून पाहिलंय. पण ज्यानं चौघांना त्या टेबलाशी आणून उभं केलं तो कोण, हे त्यांना आठवत असेल तर चौकशीत सांगावं. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्यात साक्षीदार फोडण्याचा प्रयत्न केल्याबद्दल बचाव पक्षाच्या एका ज्येष्ठ वकिलाला उच्च न्यायालयानं २००८ साली अवमानाखाली दोषी धरलं आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. तिथपर्यंत जायची वेळ कुणावर येऊ नये.

साक्षीदार फुटतो कसा, हे बाहेरच्यांना पैशाचं प्रकरण वाटतं. पैसा शेवटी येतो. आधी येते तारीख. माणूस पहाटेची बस धरून खानापूरहून येतो, चन्नम्मा चौकात उतरतो, कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहतो. दुपारी कळतं की आज साहेब रजेवर, पुढची तारीख. एक दिवसाची मजुरी बुडाली. असं चार-सहा वेळा झालं की तो पुढच्या तारखेला समोरच्या पार्टीच्या जीपमधून येतो, कारण तीही त्याच गावाहून त्याच दिवशी त्याच कोर्टात येते. कॅन्टीनमध्ये चहाचे पैसे ते देतात. कुणी धमकी देत नाही, कुणी नोटा दाखवत नाही. ‘मामा, रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत, किती दिवस लावून धरणार?’ एवढंच. सरकारकडून त्याला या सगळ्या काळात मिळतं ते समन्स, आणि नाही आला तर वॉरंट. पिंजऱ्यात चढायच्या आधी दहा मिनिटं सरकारी वकील त्याला विचारतात, ‘जबाब आठवतो ना?’ तो मान हलवतो. त्याला आठवतो तो चहा.

यावर उपाय कागदावर आहेत. महेंद्र चावला प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना साऱ्या देशाला लागू केली. जिल्ह्याची समिती असते, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सदस्य जिल्ह्याचे पोलिस प्रमुख, आणि सदस्य सचिव अभियोग खात्याचे जिल्हा प्रमुख. म्हणजे साहेब, आपणच. साक्षीदारानं अर्ज केला की पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत द्यायचा. आमच्या तालुक्यात ही योजना कुणाला माहीत आहे का, म्हणून मी सहज दोन-चार जणांना विचारलं. एका ग्रामपंचायत सदस्यानं मला विचारलं, विमा आहे काय?

हयात असलेल्या त्या म्हाताऱ्याला या योजनेखाली आधी संरक्षण द्या, मग त्याच्याशी बोला. तो बोलला तर कलम ३०६ आहे, आता ३४३. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यातही माफीचा साक्षीदार करता येतो. गांधी खून खटल्यातला दिगंबर बडगे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण माफी फक्त मोठ्या कटांतच मिळते असं नाही. ज्यानं साक्ष विकली त्याला सोडून ज्यानं ती विकत घेतली त्याला धरायचं, यात कुणाला अन्याय वाटत असेल तर वाटो. मला तो सौदा पटतो. मयताच्या बायकोलाही पटतो.

लोक म्हणतील, गावात आता सगळं मिटलंय, जुनी मढी उकरू नका. गावात मिटलेलं नाही. त्या बांधाकडे अजून एक घर वळून बघत नाही आणि दुसरं घर बिनधास्त नांगर घालतं. मिटलंय असं वाटतं ते नांगर घालणाऱ्याला.

घाई एकाच गोष्टीची आहे. त्या स्टॅम्प व्हेंडरची रजिस्टरं आणि शपथपत्रं नोटरी करणाऱ्याचं रजिस्टर कुठे आहे, आहे की रद्दीत गेलं, हे आधी बघा. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधली मूळ फाईल निर्लेखनाच्या यादीत जायच्या आत राखून ठेवायचा आदेश घ्या. आमच्याकडे नकला आहेत, पण शाई, टाईप आणि पाठीवरची सही तपासायची तर मूळ कागदच लागेल. हस्ताक्षर तज्ज्ञांना नकलेवर मत द्यायला सांगितलंत तर पहिल्याच उलटतपासात ते उडेल, हे मी वकील नसून सांगतो.

अर्जावर अर्जदाराची सही मराठीत आहे. सोबत कन्नड भाषांतर जोडलं आहे, पाठपोट.

आपला,
बेळगावच्या कोर्ट आवारातला एक जुना टायपिस्ट